चाइल्डमाइंडरने खाण्याचे पैसे कसे घ्यावेत: डबा, फीमध्येच, की बिलात वेगळी ओळ?

इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर होऊन, म्हणजे स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळायचा विचार करणाऱ्या मराठी मैत्रिणी मला तासाचा दर विचारतात, ऑफस्टेडची (आमची नोंदणी नि तपासणी करणारी सरकारी संस्था) बाई घरात येऊन नेमकं काय बघते ते विचारतात. खाण्याच्या पैशांचं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. पहिलं वर्षभर आलेल्या प्रत्येक लेकराला वरणभात भरवला आणि त्याची एक पेनीही घेतली नाही. पानात वाढलेल्याचे पैसे मागायला जीभच वळेना. मग जानेवारीत सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतःचं टॅक्स रिटर्न, भरायला सुपरमार्केटच्या पावत्या जमिनीवर पसरून बसले, तर केळी, दूध, दही, वीटाबिक्स यांतलं घरचं किती आणि कामाचं किती, हे मला स्वतःलाच सांगता येईना.

ज्यांना आत्ता दर ठरवायचे आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. पालकांनी डबा द्यायचा, खाणं फीमध्येच धरायचं, किंवा बिलात त्याची वेगळी ओळ टाकायची, असे तीन रस्ते आहेत आणि तिन्हींवरून मी चालून आले आहे. सगळं इंग्लंडपुरतं बरं का. स्कॉटलंडमध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांना वर्षाला ११४० तास सरकारी खर्चाने मिळतात आणि त्यात एक जेवणही येतं, त्यामुळे तिथला हिशेब निराळा.

डबा

वरवर पाहता सगळ्यात सोपं. खर्च नाही, हिशेब नाही, मूल जेवलं नाही तर बोल डब्याला. आजी सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली असते तोवर मेथीचे पराठे, तूप-गूळ-पोळी असा डबा थाटात येतो. आजी विमानात बसली की चीज सँडविच आणि चॉकलेटचा बार.

पण डबा दुसऱ्याचा असला तरी जबाबदारी तुमचीच. द्राक्षं अख्खी आली तर उभी चिरायची तुम्ही, दहीभात फ्रिजमध्ये ठेवायचा तुम्ही. सप्टेंबर २०२५ पासून ईवायएफएसच्या, म्हणजे लहान मुलं सांभाळणाऱ्यांसाठीच्या सरकारी चौकटीच्या, नियमांत जेवणाच्या वेळेचा भाग कडक झाला आहे. मुलं खात असताना पीडियाट्रिक फर्स्ट एडचा (लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा) कोर्स केलेली व्यक्ती त्याच खोलीत हवी आणि मुलं सतत दिसायला नि ऐकू यायला हवीत. आपण घरात एकट्याच मोठ्या असतो. म्हणजे डबे उघडल्यावर पार्सलवाल्याने कितीही बेल वाजवली तरी जागचं हलायचं नाही.

शिवाय अदलाबदल. माझ्याकडच्या साडेतीन वर्षांच्या एका पोरीने डब्यातल्या पोळीला तिळाची चटणी लावून घास शेजारच्या मुलापुढे धरला. ‘ट्राय’, एवढंच म्हणाली. त्याला तिळाची अॅलर्जी. मी तिचं मनगट धरलं तेव्हा घास त्याच्या ओठांपासून वीतभर होता. इथल्या चौदा अॅलर्जेनच्या यादीत तीळ आहे, शेंगदाणा आहे आणि मोहरीसुद्धा आहे, म्हणजे आपली साधी फोडणीच त्या यादीत जाऊन बसते. हिंगाच्या डबीवरचं बारीक अक्षर वाचा, पुष्कळदा त्यात गव्हाचं पीठ निघतं. भाजीत काय घातलंय विचारलं की आया म्हणतात, ‘काही नाही हो ताई, साधीच आहे.’ त्या साधीत मूठभर दाण्याचं कूट असतं! स्वतः रांधलं तर आत काय आहे हे निदान आपल्याला ठाऊक असतं. ऑफस्टेडकडे नोंदणी करतानाच कौन्सिलकडे (इथली स्थानिक पालिका) खाद्यव्यवसाय म्हणूनही नोंद होते, त्यासाठी वेगळी धावपळ नाही. फूड स्टँडर्ड्स एजन्सीने चाइल्डमाइंडरांसाठी केलेली ‘सेफर फूड, बेटर बिझनेस’ ही फाइल मात्र नुसती शेल्फात ठेवू नका.

फीमध्येच

आपल्या स्वभावाला हा रस्ता सगळ्यात जवळचा. समजा तासाला साडेसहा पौंड, त्यात नाश्ता, जेवण, मधलं खाणं आणि संध्याकाळचा ‘टी’. (टी म्हणजे चहा नव्हे, मुलांचं साडेचार-पाचचं जेवण. एका इंग्लिश आईने पहिल्याच दिवशी, ती तुमच्याकडे टी घेईल ना, असं विचारलं आणि मी बाणेदारपणे सांगितलं की एवढ्या लहान मुलीला आम्ही चहा देत नाही.)

एकच आकडा, पालक खूश, महिनाअखेरीला वाद नाही. हे फसतं ते दोन ठिकाणी. पहिलं किरकोळ आहे. सरकारी शाळांत रिसेप्शनपासून इयर टूपर्यंतच्या (साधारण चार ते सात वर्षांच्या) मुलांना दुपारचं जेवण २०१४ पासून मोफत आहे, लंडनमध्ये २०२३ पासून सगळ्या प्रायमरीला. शाळेतून साडेतीनला येणारा मुलगा केळं नि टोस्ट खाऊन सहाला घरी जातो आणि दिवसभर तीनदा जेवणाऱ्या पोराइतकाच तासाचा दर भरतो. त्याच्या आईच्या हे लक्षात आलं तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

दुसरं खरं दुखणं, आणि ते फंडेड अवर्समध्ये आहे. सप्टेंबर २०२५ पासून नोकरी करणाऱ्या पात्र आईवडिलांच्या मुलांना नऊ महिन्यांपासूनच आठवड्याला ३० तास, वर्षातले ३८ आठवडे, सरकारी पैशांतून मिळतात. हे पैसे कौन्सिल तिच्या दराने देते, आणि ते फक्त सांभाळण्याचे असतात. जेवण, नॅपी, सहल यांचा त्यात हिशेबच नाही. तुमच्या साडेसहात दडलेले जेवणाचे पैसे ज्या दिवशी मूल फंडेड होतं त्या दिवशी गुपचूप नाहीसे होतात. मूल तेच, ताट तेच, भात तेवढाच. आणि मग तुम्ही ‘आता जेवणाचे वेगळे हं’ म्हणायला जाता, तेव्हा पालकांना वाटतं सरकारने सूट दिली आणि बाईंनी ती खिशात घातली. माझ्याकडच्या एका कुटुंबाशी एवढ्यावरूनच दोन महिने अवघडलेपण आलं होतं. चूक माझी होती, आधी आकडा दाखवलाच नव्हता.

ज्यांच्याकडे मुख्यतः स्किल्ड वर्कर व्हिसावरची कुटुंबं येतात त्यांच्या बाबतीत हे गणित फिरतं. आईवडील दोघांनाही पब्लिक फंड्सचा (सरकारी आर्थिक मदतीचा) हक्क नसेल तर ते ३० तास त्यांना लागू नाहीत. मूल तीन वर्षांचं झालं की पुढच्या टर्मपासून सगळ्यांना असणारे १५ तास तेवढे मिळतात. म्हणजे तीनपर्यंत पूर्ण फी त्यांच्याच खिशातून. अशा घरांना एकच ठोक आकडा बरा वाटतो आणि तिथे मी तो देतेही, पण तिसऱ्या वाढदिवसानंतर बिल कसं बदलेल ते पहिल्याच भेटीत कागदावर लिहून.

बिलात वेगळी ओळ

फंडेड मुलं घेणार असाल तर शेवटी इथेच यावं लागतं. २०२५ च्या सरकारी मार्गदर्शनानंतर बिलात फंडेड तास, जादा तास, खाणं आणि इतर खर्च सुटे दाखवायचे असतात. खाण्याचे पैसे मागायला मुभा आहे, पण सक्ती करायची नाही. जेवणाचे पैसे देत नाही म्हणून फंडेड जागा नाकारता येत नाही. डबा आणू द्यायचा किंवा ते पैसे सोडून द्यायचे. त्यामुळे पहिला रस्ता निवडा वा न निवडा, डब्यासाठी फ्रिजमधला एक कप्पा मोकळा ठेवावाच लागतो.

आता माझी पद्धत. मधल्या वेळचं फळ, टोस्ट, दही यांचे मी काही घेत नाही. चार सफरचंदांच्या फोडी मोजत बसण्यात अर्थ नाही, आणि एकाच्या बशीत बिस्किट नि दुसऱ्याच्या बशीत नाही हे मला बघवत नाही. दूध तर सरकारच देतं. नर्सरी मिल्क योजनेत पाच वर्षांखालचं मूल दिवसाला दोन तास किंवा जास्त तुमच्याकडे असेल तर १८९ मिली दूध मोफत मिळतं, चाइल्डमाइंडरलाही. कितीतरी जणी अर्ज न भरता वर्षानुवर्षं स्वतःच्या पैशांनी दूध आणतात. दुपारचं जेवण अडीच पौंड, टी दोन पौंड.

सुरुवातीला ज्या दिवशी मूल जेवेल त्या दिवशी वहीत फुली मारायचे. शुक्रवारी हमखास वाद. ‘बुधवारी तर तो जेवलाच नाही, घरी येऊन दोन पोळ्या खाल्ल्या.’ जेवला नाही, पण मी रांधलं होतं! आता पुढच्या आठवड्याचं गुरुवारी रात्रीपर्यंत व्हॉट्सअॅपवर कळवायचं, कळवलेल्याचे पैसे लागतात, मूल आजारी पडलं तर लागत नाहीत. ही शेवटची सवलत माझी मर्जी. शेजारच्या गल्लीतली चाइल्डमाइंडर ती देत नाही आणि तिचंही चुकत नाही, कारण तिने तसं करारात लिहिलं आहे.

हिशेबाच्या दृष्टीनेही हाच रस्ता सरळ. आलेले पैसे उत्पन्नात, बाजारहाट खर्चात, आणि कामाची खरेदी वेगळ्या पावतीवर. दुकानदार एकाच टोपलीच्या दोन पावत्या करायला कुरकुरतो, करू दे.

फक्त शाळेनंतरची मुलं घेणार असाल तर एवढा खटाटोप करू नका; खाऊ फीमध्ये धरा आणि टी हवा असेल त्याचेच वेगळे घ्या. घरात तान्हं बाळ असताना सुरू करत असाल आणि रांधायला सवड नसेल तर पहिले सहा महिने डबाच बरा, मात्र अॅलर्जीचा फॉर्म भरून घेतल्याशिवाय एकही डबा उघडू नका. बाकी सगळ्यांनी वेगळी ओळ टाका, शून्याची असली तरी. माझ्या एका मराठी कुटुंबाच्या बिलात ती अजून तशीच जाते: ‘जेवण, १२ वेळा, ० पौंड.’ ते ठोक फीवाले आहेत. मूल मार्चमध्ये तीनचं होईल, आणि ईस्टरनंतर त्या शून्याच्या जागी काय येणार ते त्याच्या आईला आजच माहीत आहे.