रियासीचे लिथियम आणि माझे ५,९४,५०० रुपये

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टन लिथियम-खनिजाचा साठा असल्याची बातमी आली, ती खोटी नव्हती; म्हणूनच मी फसलो. दामदुपटीच्या योजनावाल्यांना मी आयुष्यभर दारातूनच परत पाठवले आहे. पण इथे सरकारने लिलाव पुकारलेला, खनिज कायद्यात दुरुस्ती झालेली आणि माहितीपत्रकात भूवैज्ञानिक नकाशा छापलेला. पाटबंधारे खात्यात हयात नकाशे वाचण्यात घालवलेला मी त्या नकाशावरच भाळलो. तो साठा ‘अनुमानित’ आहे, अन्वेषणाच्या जी-३, म्हणजे प्राथमिक, टप्प्यावरचा आहे, हे त्याच नकाशाखाली बारीक अक्षरांत लिहिले होते.

जानेवारी २०२४ मध्ये एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने आलेल्या गृहस्थाने, रियासीसाठी बोली लावणाऱ्या कंपनीचे शेअर बाजारात येण्याआधीच देतो असे सांगून माझ्याकडून १,५०,००० रुपयांचा धनादेश घेतला. पुढे दोनदा ९,००० रुपये ‘लाभांश’ म्हणून जमा झाले. ज्या खाणीतून अजून ढेकूळही निघालेले नाही तिचा लाभांश येतो कुठून, हा प्रश्न माझ्या पत्नीने विचारला होता, मी नाही.

मार्चमध्ये पुरेसे बोलीदार न मिळाल्यामुळे रियासीचा लिलाव रद्द झाला. ती बातमी मी स्वतः वाचली, कात्रण काढले आणि त्या गृहस्थासमोर ठेवले. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, मोठे मागे हटले म्हणून तर आपल्याला स्वस्तात मिळतंय.” या एका वाक्यावर मी पत्नीची मुदत ठेव मोडून ४,००,००० रुपये दिले. पावतीवर शेअरचा उल्लेख नव्हता, ‘सल्लासेवा शुल्क’ असे होते. तेही मी वाचले होते. भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय आमच्या नागपुरातच आहे, तिथे जाऊन एक प्रश्न विचारायला माझे रिक्षाभाडे तेवढे गेले असते. शेवटी ‘रक्कम मोकळी करण्यासाठी’ ६२,५०० रुपये घेतले आणि फोन बंद झाला.

मी लोभी नव्हतो. निवृत्तिवेतनात घराची दुरुस्ती बसत नव्हती. पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याला मात्र एवढेच सुचले की, “शिकलेले आहात ना?” त्यांनी सायबर कक्षाकडे पाठवले, कक्षाने धनादेशाचा व्यवहार आपला नाही म्हणून दुसऱ्या शाखेकडे, त्या शाखेने रक्कम लहान म्हणून पुन्हा ठाण्याकडे. बँकेने सांगितले की धनादेशावरची सही तुमचीच आहे. अकरा खेपांनंतर माझ्या हाती आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली अर्जाची प्रत आहे. गुन्हा अजून नोंदलेला नाही.

खाणपट्ट्याचे तुकडे पाडून कोणी घरोघर विकत नाही. लिलावात कोण यशस्वी झाले हे खाण मंत्रालय जाहीर करते, त्या यादीत नाव दाखवायला सांगा. शेअर डीमॅट खात्यात देणार नसेल तर चहाही पाजू नका. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच तासाला फोन करा.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला: १५,००० रुपये नोंदणी शुल्क भरल्यास बुडालेले पैसे परत मिळवून देतो. माझी बुडालेली रक्कम त्याला शेवटच्या पाचशेपर्यंत ठाऊक होती.