‘जुनो’ की ‘क्रिशी’?

पुण्यातली एक मैत्रीण लोजबान ही तर्कशास्त्रावर बेतलेली कृत्रिम भाषा शिकतेय. ‘उद्या खडकवासल्यातून पाणी सोडणार’ हे आपल्याला माहीत आहे, असं सांगताना ‘जुनो’ (जाणणे) घ्यावं की ‘क्रिशी’ (विश्वास असणे), इथे ती अडलीय.

आधी आधार बघू. जुनोला चार जागा, म्हणजे या शब्दासोबत भरायचे चार ठरावीक तपशील: कोणाला, काय, कशाविषयी आणि कोणत्या ज्ञानमार्गाने. ही चौथी जागा मला फार मोलाची वाटते, कारण कळलं कसं हे तिथे मांडता येतं. क्रिशीला तीनच, पुराव्याला जागाच नाही.

खरेपणाचं म्हणाल तर जुनोत गोष्ट खरी धरलेली असते. पण कोणाच्या मते खरी? वाद इथेच आहे. मी म्हणेन, बोलणाऱ्याच्या. क्रिशीत ती खोटी निघाली तरी वाक्य टिकतं.

पाटबंधारे खात्याची सूचना वाचली असेल, तर जुनो. पुराव्याविना विश्वास असेल, तर क्रिशी. ढग बघून मत बनवलं असेल, तर दोन्ही सोडून ‘झिन्वी’ (मत असणे).