स्पर्म डीएनए फ्रॅगमेंटेशन टेस्ट: लॅब बरी, समजावणाऱ्या मॅडम एक नंबर (5 पैकी साडेतीन)

लागोपाठ मिसकॅरेज झाल्यावर डॉक्टरांनी नवऱ्याची ही टेस्ट सांगितली, म्हणजे किती टक्के शुक्राणूंचा डीएनए तुटलाय ते बघायची. त्याची साधी सीमेन टेस्ट एकदम नॉर्मल, काउंट ओके, मोटिलिटी (शुक्राणूंची हालचाल) ओके, त्यामुळे सासरी सगळ्यांचं ठरलेलंच की प्रॉब्लेम हिच्यातच आहे.

लॅब पुण्यातली, नाव लिहीत नाही. स्वच्छ आहे, पण सँपल द्यायची खोली वेटिंगच्या खुर्च्यांना चिकटून, बाहेरचं सगळं ऐकू येतं, काय बोलायचं! शेवटचा संबंध येऊन किती दिवस झाले हे रिसेप्शनवर कोणी विचारलंच नाही, आम्हीच फॉर्मवर लिहिलं, आणि गॅप जास्त झाला तर आकडा वाढतो म्हणे. रिपोर्ट व्हॉट्सॲपवर आला, 34 टक्के, खाली "30 च्या वर जास्त", बास एवढंच.

पण रिपोर्ट समजवायला ज्या एम्ब्रियॉलॉजिस्ट (शुक्राणू, स्त्रीबीज, गर्भ यांचं लॅबमधलं काम बघणाऱ्या) मॅडम बसल्या त्यांनी पैसे वसूल करून दिले. स्क्रीनवर फोटो दाखवला, ज्या शुक्राणूचा डीएनए धड त्याच्याभोवती मोठं फिकट वलय, तुटका असेल तर वलयच नाही. म्हणाल्या, शुक्राणू बनताना मिओसिसमध्ये (क्रोमोसोम निम्मे होतात ते पेशीविभाजन) पेशी स्वतःच डीएनए मुद्दाम तोडते आणि समोरच्या जोडीच्या क्रोमोसोमवरून बघून जोडते, जोडता नाही आला तर बहुतेक वेळा ती पेशीच मारून टाकली जाते. इथपर्यंत बंदोबस्त कडक. पुढे मात्र डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं जाऊन प्रोटामिन नावाची प्रथिनं येतात, डीएनए इतका घट्ट आवळला जातो की रिपेअर जवळजवळ बंद, मग सिगारेट, ताप, व्हेरिकोसील (अंडकोषाभोवतीच्या फुगलेल्या शिरा) यांनी जे तुटतं ते तसंच राहतं. त्यातलं बरंचसं फलन झाल्यावर स्त्रीबीज दुरुस्त करतं, पण वयानुसार त्याचीही ताकद कमी होते. म्हणजे दोघांचंही आलंच की यात! हे सासूबाईंना सांगायला मॅडमनाच घरी न्यायला हवं होतं.

नवीन शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात म्हणून रिटेस्ट तीन महिन्यांनी, उगाच लवकर करू नका.

खालच्या मेडिकलवाल्याने अँटिऑक्सिडंटचं महागडं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न केला. अमेरिकेतल्या 2020 च्या मोक्सी नावाच्या ट्रायलमध्ये (पुरुषांना अँटिऑक्सिडंट देऊन केलेला अभ्यास) त्याने डीएनएत काही फरक पडला नव्हता, त्यामुळे आम्ही घेतलं नाही, सिगारेट मात्र बंद करवली.

आणि पहिलंच मूल हवंय, अजून काही तपासलेलं नाही, असं असेल तर सुरुवातीलाच ही टेस्ट करायची गरज नसते. जाणार असाल तर आधी फोन करून त्या मॅडम कधी असतात ते विचारा, नसतील तर नुसता आकडा घेऊन परत याल.