पिकारिडिन स्प्रे: नॅशनल पार्कातल्या सहा महिन्यांचा अनुभव

जून ते नोव्हेंबर, जवळजवळ दर रविवारी मुलाला घेऊन बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात फुलपाखरं बघायला गेले. दोन वर्षांपूर्वी त्याला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्सच्या आकड्यांकडे डोळे लावून काढलेले ते दिवस अजून विसरले नाही, म्हणून डासांच्या बाबतीत मी हयगय करत नाही.

आधी डीट या डासांना लांब ठेवणाऱ्या रसायनाचा स्प्रे वापरायचे. डास लांब राहायचे, पण घड्याळाचा प्लास्टिकचा पट्टा चिकट झाला आणि दुर्बिणीवर बोटांचे ठसे कायमचे उमटले. डीट प्लास्टिक विरघळवतं, हे तेव्हा कळलं. यंदा भावाने अमेरिकेहून 20 टक्के पिकारिडिनच्या, म्हणजे डासांना लांब ठेवणाऱ्या दुसऱ्या रसायनाच्या, दोन बाटल्या आणल्या. वास जवळजवळ नाही, चिकटपणा नाही, दुर्बीण शाबूत.

जंगलात दिवसा चावतो तो डेंग्यू पसरवणारा एडीस डास: काळा, पायांवर पांढरे पट्टे. सकाळी आणि दुपार कलल्यावर जोर जास्त. बांबूचा तुटलेला बुंधा, झाडाची ढोली, कुणीतरी फेकलेला कप, एवढ्याशा पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. कप दिसला की आम्ही उचलून आणतो.

ऑगस्टमध्ये कान्हेरीच्या वाटेवर ओढ्याकाठी बसले होते. हाताभोवती डास घिरट्या घालायचे, पण टेकायचे नाहीत. तेवढ्यात घोट्याला आग झाली. मोजा खाली सरकला होता आणि स्प्रे मारताना सुटलेल्या बोटभर पट्टीवर तीन डास ओळीने बसलेले! हा स्प्रे डास मारत नाही, लावलेल्या जागेपासून फक्त लांब ठेवतो. नुसता फवारून भागत नाही, तळहातावर घेऊन चोळावा लागतो. सनस्क्रीन आधी, ते जिरलं की हा.

बाटलीवर बारा तास लिहिलंय. पावसाळ्यात घामापुढे मला चार तास मिळाले, नोव्हेंबरात सहा. घट्ट लेगिंग्जमधूनही डास चावतात. सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालायला लागल्यावर फरक पडला, तो स्प्रेइतकाच मोठा.

इथल्या औषधाच्या दुकानांत मला हा स्प्रे मिळाला नाही. दुसरी बाटली संपली की डासांसाठीचं नेहमीचं ट्यूबमधलं क्रीम आणेन, ते दर दोन तासांनी लावायच्या तयारीने. मुलाच्या तळहातांना मात्र काहीच लावत नाही, हात तोंडात जातात. त्याचे घोटे मी स्वतः वाकून चोळते.