गुलामगिरी संपल्यावर कुठे बरं होतं: जमैका की अँटिग्वा? दोन्ही कॅरिबियन बेटं, तेव्हा ब्रिटिशांच्या वसाहती.
१ ऑगस्ट १८३४ला बहुतेक ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाई मालकांना, २ कोटी पौंड. राबणाऱ्यांना छदामही नाही.

जमैकात ‘उमेदवारी’ (अप्रेंटिसशिप) लादली: आठवड्याला ४० तासांहून जास्त, त्याच मळ्यावर, फुकट. नकार दिला की तुरुंगातलं पायचाक, म्हणजे फळ्यांवर पाय टाकत फिरवायचं मोठं चाक. मनगटं वर बांधलेली. पाय चुकला की फिरती फळी थेट नडगीवर.

अँटिग्वाने उमेदवारी टाळली, पहिल्याच दिवशी सगळे मोकळे. ऐकायला किती बरं! पण झोपडी मळेवाल्याची. काम सोडलं की छप्परही गेलं.

तरीही १८३८नंतरचं, म्हणजे उमेदवारी संपल्यावरचं, जमैकाच मला उजवं वाटतं. तिथे बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी जमीन घेऊन मुक्त झालेल्यांना तुकडे विकले, स्लिगोव्हिलसारखी गावं वसली. अँटिग्वात बहुतेक जमीन उसाच्या मळ्यांकडेच राहिली.