एमजीबी, शर्यतींचा पहिला हंगाम आणि पेट्रोलचा पंप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

ऑगस्टमधल्या एका रविवारी इंग्लंडमधल्या ब्रँड्स हॅचच्या छोट्या सर्किटवर, शर्यतीच्या सातव्या फेरीत, माझी १९६५ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, क्लार्क कर्व्ह या वळणातून बाहेर पडताना दोनदा अडखळली आणि सरळ रस्त्यावर इंजिनाचा जोर पूर्ण गेला. पॅडॉक हिल या पुढच्या वळणाच्या उतारावर जो वेग मिळाला, त्याच्या बळावर ती ड्रुइड्स या त्यानंतरच्या वळणाच्या चढावर अर्ध्यापर्यंत पोहोचली. मी तिला कडेच्या गवतावर घेतले. मार्शलने पिवळा झेंडा दाखवला आणि मला कठड्यामागे यायला खुणावले. उतरण्यापूर्वी मी मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू केला आणि कान दिला. टाकीतून इंजिनाला पेट्रोल पुरवणारा एसयू कंपनीचा पंप चालू होताना मागून जी टक-टक ऐकू यायला हवी, ती आली नाही. उरलेली शर्यत मी कठड्यामागे उभे राहून पाहिली. त्या दिवसाची ३६० पौंडांची प्रवेश फी सात फेऱ्यांत संपली होती.

हा अनुभव लिहिण्याचे कारण तो पंपच आहे. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन, दोन एसयू कार्बोरेटर, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक ही माहिती वाचकांना असणार, म्हणून त्यावर जागा घालवत नाही. मार्च ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत मी या गाडीतून सहा शर्यती केल्या, त्यांपैकी पाच पूर्ण केल्या. सोमवार ते शुक्रवार मी रेडिंगमध्ये नोकरी करतो आणि गाडीची सगळी कामे घराच्या गॅरेजमध्ये स्वतः करतो. शर्यतीच्या परवान्यासाठीच्या परीक्षेत झेंड्यांवरच्या प्रश्नांत एकही चूक चालत नाही, त्यामुळे त्या तयारीचे दोन आठवडे मी जेवतानाही झेंडेच पाठ करत होतो. अजून माझ्या गाडीच्या मागे नवख्याची खूण, म्हणजे पिवळ्या चौकोनावरची काळी फुली आहे, हे ध्यानात ठेवूनच माझी मते वाचावीत.

गाडी निवडताना पैसा हाच पहिला विचार होता, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एमजीबी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने बनली, त्यामुळे तिचा प्रत्येक भाग आजही मिळतो, अगदी नवी बॉडी शेलसुद्धा विकत घेता येते. जॅग्वार ई-टाइप किंवा ऑस्टिन-हिली ३००० घेऊन शर्यतीत उतरणाऱ्यांच्या खर्चाचे आकडे ऐकले की आपण योग्य गाडी घेतली याची खात्री पटते. त्यातही १९६५ची गाडी मी आग्रहाने शोधली, कारण ऑक्टोबर १९६४ पासून या इंजिनाच्या क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच मेन बेअरिंग मिळाल्या. सतत मिनिटाला साडेपाच हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनासाठी हा फरक मला मोलाचा वाटला.

निवडीमागे दुसरेही एक कारण होते. गाडी पाहायला गेलो तेव्हा मालकाने बोनेट उघडले आणि मला मिरजेतले मामांचे गॅरेज आठवले. आपल्याकडच्या पेट्रोल ॲम्बेसेडरला कित्येक वर्षे जे १४८९ सीसीचे इंजिन होते, ते आणि एमजीबीचे इंजिन एकाच घराण्यातले, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजमधले आहे. शाळेच्या सुट्टीत मामांनी मला टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, सेट करायला शिकवले होते ते नवाच्या हिशेबाने : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सातवा दाबलेला असेल तेव्हा दुसरा, दोघांची बेरीज नेहमी नऊ. तोच हिशेब मी आज प्रत्येक शर्यतीआधी या गाडीवर करतो. फट मोजणाऱ्या फिलर गेजचे पंधरा थाऊचे, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीचे, पाते रॉकरखाली सरकवताना हाताला जो किंचित ओढा जाणवला पाहिजे, तो मामांनी माझ्या बोटाला धरून दाखवला होता. दूरच्या देशात, साठ वर्षांच्या इंजिनावर वाकलो असताना हाताला आधीपासून काम येत असावे, याचे समाधान मी शब्दांत नीट मांडू शकत नाही.

आता पंप. एसयूचा पंप म्हणजे एक विद्युतचुंबक, एक पडदा आणि एक स्प्रिंग. वीज मिळाली की चुंबक पडदा ओढतो आणि टाकीतून पेट्रोल आत येते. पडदा टोकाला पोहोचला की आतले पॉइंट, म्हणजे वीज जोडणारे-तोडणारे संपर्क, झटक्याने उघडतात, वीज तुटते, स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. पडदा परत आला की पॉइंट पुन्हा जुळतात. प्रत्येक आवर्तनाला एक टक. कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाट्या भरल्या की पुढे जायला वाट नसल्याने पंप आपोआप थांबतो. या रचनेतला साधेपणा मला मनापासून आवडतो, पण तिचा दुबळा भागही तिथेच आहे : पॉइंट उघडताना दर वेळी एक बारीक ठिणगी पडते आणि कालांतराने पॉइंट जळतात. शिवाय माझ्या गाडीत तो पंप गाडीखाली, उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, बॅटरीच्या खोक्याजवळ बसवलेला आहे, म्हणजे चाकाने उडवलेले पाणी आणि खडी थेट त्याच्या अंगावर जाते. ज्या एका भागावर संपूर्ण इंजिन अवलंबून आहे, तो अशा जागी बसवणे ही मला या गाडीतली सर्वांत मोठी चूक वाटली आणि आजही वाटते.

त्या रविवारी पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या ठेवण्याच्या आवारात, परत आल्यावर मी जमिनीवर पालथे पडून पंपाच्या अंगावर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकले, तेव्हा तो लगेच टकटकू लागला. जुने लोक हा उपाय सांगतात आणि तो चालतोही, पण ड्रुइड्सच्या चढावर उभ्या असलेल्या गाडीला त्याचा उपयोग नाही.

हा पंप मी मेमध्येच ११० पौंड देऊन बदलून घेतला होता. जुना पंप परत देऊन दुरुस्त केलेला पंप घ्यायचा, असा तो व्यवहार होता. तीन महिन्यांत तो बंद पडल्यावर मी विक्रेत्याला फोन केला. त्याने पहिला प्रश्न विचारला तो गाडी कशासाठी वापरता हा. मी खरे सांगितले. शर्यतीत वापरलेल्या भागाला हमी लागू नाही, असे उत्तर मिळाले. मी पावती पुन्हा वाचली, त्यावर हमीची मुदत बारा महिने एवढेच छापलेले होते, शर्यतीचा उल्लेख कुठेही नव्हता. त्यानंतर तीन पत्रे आणि दोन फोन झाले, निष्पन्न काही झाले नाही. माझी तक्रार पैशांपेक्षा त्या अटीबद्दल आहे. अशी अट असेल तर ती विकताना सांगितली पाहिजे आणि पावतीवर लिहिली पाहिजे. ज्याच्या दुकानात अर्धेअधिक गिऱ्हाईक शर्यतीच्या गाड्यांचे आहे, त्याला हे माहीत नसणे शक्य नाही.

पंपाबद्दलचा इथपर्यंतचा मजकूर मी ऑगस्टच्या अखेरीस लिहून ठेवला होता, आणि तेव्हा माझा निर्णय असा होता की पॉइंटवाला पंप काढून टाकावा आणि इलेक्ट्रॉनिक पंप बसवावा, कारण आमच्या वर्गाच्या नियमांत तो चालतो. सप्टेंबरमध्ये माझे मत बदलले आणि ते का बदलले हे सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

नवा पंप मागवण्यापूर्वी मी जुना उघडून पाहिला. पॉइंटवर खड्डे पडलेले होते, पण गाडी पूर्ण बंद पडावी इतके ते वाईट नव्हते. म्हणून मी मीटर घेतला, त्याचे एक टोक पंपाच्या धातूच्या अंगाला आणि दुसरे बॅटरीच्या गाडीच्या अंगाला जोडलेल्या (अर्थिंगच्या) टोकाला लावले आणि पंप चालू असताना पाहिले. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवे होते, प्रत्यक्षात प्रत्येक ठोक्याला काटा दोन व्होल्टपर्यंत जात होता. पंपापासून गाडीच्या अंगाला जाणारी काळी वायर जिथे स्क्रूने आवळलेली असते, त्या वॉशरखाली कोणीतरी पूर्वी रंग मारला होता आणि त्या रंगाखाली गंज धरला होता. गाडी थरथरली की तो सांधा कधी जुळत होता, कधी सुटत होता. पान्याने ठोकल्यावर पंप चालू झाला तो पॉइंट हलल्याने की हा सांधा हलल्याने, हे आता ठरवता येणार नाही. मी तिथला पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवी वायर आणि नवे टर्मिनल लावले, वरून ग्रीस दिले. खर्च दोन पौंडांच्या आत. पॉइंटचा नवा संच अठरा पौंडांना मिळाला, तो बसवताना ठिणगी शोषणारा कंडेन्सरही बदलला.

त्यानंतर स्नेटर्टन आणि कॅसल कूम या दोन्ही शर्यतींत पंपाने एकदाही दगा दिला नाही. दोन्ही ठिकाणी लांब सरळ रस्ते आहेत, जिथे इंजिन पूर्ण जोरावर सर्वाधिक पेट्रोल मागते, म्हणून या कसोटीला मी महत्त्व देतो. विक्रेत्याला मी चौथे पत्र लिहिले आणि दोष बराचसा माझ्या गाडीच्या वायरिंगचा होता हे स्पष्ट कळवले. न छापलेल्या अटीबद्दलचे माझे म्हणणे मात्र मी त्याच पत्रात पुन्हा लिहिले, कारण ते तेव्हाही बरोबर होते. उत्तर आलेले नाही.

या एका पंपावर मी इतके लिहिले, तेव्हा गाडी चालवायला कशी आहे हेही सांगितले पाहिजे. मला ती अपेक्षेपेक्षा खूपच चांगली वाटली. ९५ अश्वशक्तीची गाडी आजच्या हिशेबाने संथ आहे, पण जुन्या घडणीच्या टायरांवर ती वळणात जे सांगते, ते कोणतीही आधुनिक गाडी मला सांगत नाही. पॅडॉक हिलला रस्ता उजवीकडे वळतो आणि त्याच वेळी पायाखालून खाली जातो. सुरुवातीला मी तिथे ॲक्सिलरेटर पूर्ण सोडत असे आणि मागची बाजू बाहेर जाई. पाचव्या-सहाव्या फेरीला मी पाय किंचित दाबून ठेवायला शिकलो. तेव्हा स्टिअरिंग हलके होते, मागची चाके थोडी बाहेर सरकतात, तिथेच टिकतात, आणि हाताला पुढच्या क्षणी काय होणार याची आगाऊ सूचना मिळते. ही घसरण इतकी सावकाश सुरू होते की माझ्यासारख्या नवख्याला ती सावरता येते. १९६३ साली ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत पॅडी हॉपकर्क आणि ॲलन हचिसन यांची एमजीबी मल्सान वळणाच्या वाळूत तासाहून अधिक काळ अडकूनही एकंदरीत बारावी आली आणि १९६६ साली न्युरबुर्गरिंगवरची ८४ तासांची शर्यत एमजीबीने जिंकली, हे मी पूर्वी वाचले होते. तेव्हा ते नुसते आकडे वाटत. स्वतः वीस मिनिटे या गाडीत घाम गाळल्यावर ८४ तासांचा अर्थ समजतो.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर सहज पडावा म्हणून असलेली रचना) नाही, पण शर्यतीत सुरुवात सोडली तर तो लागत नाही. पुढचे धक्के शोषणारे लिव्हर आर्म डँपर हेच सस्पेन्शनचे वरचे हात आहेत, त्यामुळे त्यांच्यातले तेल गळाले तर नुसत्या तेलाचा प्रश्न राहत नाही, म्हणून मी प्रत्येक शर्यतीनंतर त्यांची पातळी पाहतो. मागच्या एका ड्रममध्ये एकदा एक्सलचे तेल उतरले, सील बदलले. ब्रेकविषयी मी समाधानी आहे.

गाडी घेणाऱ्याला माझा एक आग्रह आहे. रंग आणि क्रोम पाहण्याआधी इग्निशन कॉइलची वायर काढायला सांगा, किल्ली फिरवा आणि पंपाचे ठोके मोजा. ते भराभर सुरू होऊन मंदावले आणि थांबले तर ठीक. थांबलेच नाहीत तर टाकी रिकामी आहे किंवा पंप कुठून तरी हवा ओढतो आहे. थांबल्यावर पुन्हा वारंवार पडू लागले तर पेट्रोल कुठेतरी परत जाते आहे किंवा गळते आहे. मालकाला घाई असली तरी पाच मिनिटे तिथे उभे राहा.

इलेक्ट्रॉनिक पंप मी घेतला नाही. त्याऐवजी पेट्रोलच्या दाबाचा एक लहान काटा बसवणार आहे, कारण इंजिनाच्या आवाजात ठोके ऐकू येत नाहीत, आणि पंपाभोवती पत्र्याचे एक आवरण करून खडी अडवणार आहे. पॉइंटचा एक जादा संच आणि एक कंडेन्सर डबीत घालून ठेवला आहे. हिवाळाभर गाडी झाकलेली राहील, पण पंधरा दिवसांतून एकदा मी कॉइलची वायर काढून किल्ली फिरवतो. गेल्या रविवारी अठरा ठोके पडले, पंप थांबला आणि पुढची पाच मिनिटे एकही ठोका पडला नाही.