रिपोर्टात मला प्रोस्टेट निघाली, तरी मी पैसे भरले

मी 29 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या.

मंगल कार्यालयात भरलेल्या गुडघेदुखीच्या 'चिनी' उपचार शिबिरात गेले एकूण 28,650 रुपये. नोंदणीचे 100, अ‍ॅक्युपंक्चरच्या (सुया टोचून उपचार) पंधरा बैठकांचे 18,000, 'चिनी' चूर्णाचे तीन डबे, एकेक 2,450 चा, आणि गुडघ्याचा चुंबकीय पट्टा 3,200. मिळाल्या सहा बैठका. सातव्या दिवशी मंगल कार्यालयाला कुलूप आणि बाहेर आम्ही चौदा-पंधरा म्हाताऱ्या, गुडघे धरून पायरीवर.

सिंधुदुर्गात आमच्या गावाहून हाडांचा चांगला डॉक्टर गाठायचा तर कोल्हापूर नाहीतर गोवा. आंब्याचा हंगाम तोंडावर, कातळावरच्या बागेत दिवसाला दहा चकरा. त्यात पहिल्या बैठकीनंतर गुडघा खरंच हलका वाटला. तासभर निवांत पडून राहिलं की कोणाचाही वाटेल, हे आता कळतंय.

'डॉक्टर' बोलायला गोड. त्याच्या गुरूंचे गुरू म्हणे डॉ. कोटणीसांबरोबर चीनला सुया शिकायला गेले होते. अहो, कोटणीसांची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगायचे! सोलापूरचे, 1938 साली वैद्यकीय पथकातून गेले, 1942 ला तिथेच वारले. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते ते, जखमी सैनिकांसाठी गेले होते. तरी मी मान डोलावली. भिंतीवर चिनी लिपीतलं प्रमाणपत्र होतं. वाचता येत नव्हतं म्हणूनच बहुधा खरं वाटलं.

पाठीला पेले लावून जांभळे वळ उठवले. म्हणाला, वळ जितका काळा तितकं विष बाहेर. पेल्यातली हवा कमी झाली की कातडीखाली रक्त साकळतं, बस्स. हवेच्या दाबाचा हा धडा मी पोरांना ग्लास आणि मेणबत्ती घेऊन शिकवलाय.

पण खरी चीड येते ती त्या रिपोर्टाची. हातात धातूची कांडी धरायला दिली, मिनिटभरात संगणकातून अकरा पानं. रात्री घरी वाचत बसले तर सातव्या पानावर 'प्रोस्टेट ग्रंथी : मध्यम बिघाड'. माझी! आम्ही दोघं पोट धरून हसलो. यजमान म्हणाले, "उद्या जाऊ नकोस." मी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, पुरुषाचं बटण दाबलं गेलं, बाकी आकडे बरोबर आहेत." आणि दुसऱ्या दिवशी मी जाऊन 9,000 चा दुसरा हप्ता भरला. का, ते मला आजही सांगता येत नाही. पहिले 9,000 वाया जाऊ नयेत म्हणून असेल.

सुई बंद पाकिटातली हवी आणि पाकीट तुमच्यासमोर फाडायला हवं. आमच्याकडे स्टीलच्या ताटलीतून उचलत होते. आता कावीळ-बची तपासणी करून घेतली, सुदैवाने काही निघालं नाही.

पोलीस ठाण्यात गेले तर समोर माझाच विद्यार्थी. "बाई, तुमीच आमका विज्ञान शिकवल्यात ना?" बसायला खुर्ची दिली, तक्रार मात्र घेतली नाही. कारण पावतीवर छापलंय 'ऐच्छिक देणगी'. देणगी दिलीत तर फसवणूक कसली, दिवाणी दावा करा. पावती घेताना नीट वाचा हो! सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही समोरासमोर, स्वखुशीने पाठवलेत. आरोग्य खात्यात गेले तर ही आमची पॅथी नाही. म्हटलं, मग कोणाची? राज्यात अ‍ॅक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे, परिषद आहे, उपचार करणाऱ्याला नोंदणी क्रमांक असतो. त्या साहेबांना हे मी सांगितलं. त्यांनी कागदावर टिपून घेतलं आणि सोमवारी या म्हणाले. तीन सोमवार गेले. प्रत्येक खेपेला रिक्षाचे 240 रुपये, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. हॉलवाल्याला भाडं आगाऊ मिळालं होतं, त्यामुळे त्याला कोणाचाच चेहरा आठवत नाही.

नोंदणी क्रमांक आधी मागा. पैसे एखाद्याच्या वैयक्तिक खात्यावर जात असतील तर तिथूनच परत फिरा. आता ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही, हेही मला कुठल्या कार्यालयाने नाही, भाचीने सांगितलं.

काल राजापूरहून बहिणीचा फोन आला. त्यांच्याकडे घरोघर हिरवं पत्रक पडलंय : चिनी पद्धतीने सांधेदुखीवर उपचार, नोंदणी 100 रुपये, फक्त दहा दिवस.